‘मामा’ तलावाच्या गावाला

बालमित्रांनो, सुट्टी लागली की तुमच्यापैकी बरेच जण मामाच्या गावाला जातात. मीही गेल्या जूनमध्ये ‘मामा’च्या गावाला जाऊन आलो. पण माझा हा मामा थोडा निराळा आहे. तो बोलत नाही, लाडू देत नाही. पावसाळ्यात पोट भरून पाणी पितो आणि उन्हाळ्यात बारीक होतो. तो आहे एक तलाव! त्याला मामा का म्हणतात ते पुढे सांगतो. आधी महाराष्ट्राचा नकाशा काढा पाहू.

मुंबईवर बोट ठेवा आणि उजवीकडे सरकवत चला. नाशिक गेलं, जळगाव, अकोला, वर्धा गेलं, नागपूरही मागे पडलं. तरी थांबू नका. महाराष्ट्र संपून पलीकडे छत्तीसगड सुरू होतं आणि डोक्यावर मध्य प्रदेश येतो, त्या कोपऱ्यात बोट टेकवा. हा गोंदिया जिल्हा. पूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला.

मुंबईहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस निघते, ती रात्रभर धावून दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचते आणि तिथेच तिचा प्रवास संपतो. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी दुसरी गाडी पकडायची आणि खिडकीची जागा मिळवायची. खिडकी हवीच, बरं का! कारण गाडी शहराबाहेर पडली की दोन्ही बाजूंना दिसू लागतात धानाच्या बांध्या. इकडे भाताला धान म्हणतात आणि मातीच्या बुटक्या धुऱ्यांनी वेढलेल्या भाताच्या तुकड्याला बांधी. मधूनमधून मोहाची, पळसाची झाडं आणि मग एकदम चकाकणारं पाणी. एक तलाव. थोड्या वेळाने आणखी एक.

मी गंमत म्हणून तलाव मोजायला सुरुवात केली. समोर बसलेले एक आजोबा माझी बोटं पाहून हसले आणि म्हणाले, “का मोजता जी? आमच्याकडे मानसं कमी आन् तलाव जास्त.” थोड्याच वेळात माझा हिशेब चुकला आणि मी तो नाद सोडून दिला.

आजोबा फार खोटं बोलत नव्हते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्याला ‘झाडीपट्टी’ म्हणतात. या पट्ट्यात असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. शिवाय ‘बोड्या’ आहेत, म्हणजे शेतातली छोटी तळी. त्यांची तर गणतीच नाही.

हे तलाव बांधले कुणी?

तुम्ही म्हणाल, इथे पाऊस तर भरपूर पडतो, मग तलाव कशाला? प्रश्न चांगला आहे. पाऊस भरपूर पडतो, पण तो तीन-चार महिन्यांतच पडून जातो. त्यातही मध्येच पंधरा-वीस दिवस दडी मारतो. धानाचे पाय तर पाण्यात हवेत. पीक पोटरीत आलं आणि पाऊस गेला, तर वर्षाची मेहनत फुकट. तेव्हा पडेल ते पाणी अडवून ठेवायचं आणि पाऊस रुसला की ते बांध्यांना द्यायचं, हा उपाय इथल्या लोकांनी काही शतकांपूर्वीच शोधला.

त्या वेळी इथे चांद्याच्या गोंड राजांचं राज्य होतं. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. असं सांगतात की, राजाने दवंडी पिटवली : जो कोणी जंगल साफ करून गाव वसवील आणि तलाव बांधील, त्याला तिथली जमीन मिळेल. कोहळी नावाच्या समाजाचे लोक या कामात मोठे वाकबगार. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून ते पाळ कुठे घालायची ते सांगत. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पाणी हवं तेवढंच सोडायला पाळीत एक दार असे, त्याला म्हणत ‘तुडूम’. आणि जादा पाणी निघून जायला एका बाजूला सांडवा असे, तो ‘सलंग’. सिमेंट नाही, यंत्र नाही. माती, दगड, माणसांचे हात आणि बैलांचे खांदे! एका तलावाच्या सलंगातून सुटलेलं पाणी खालच्या गावच्या तलावात जाई, तिथून आणखी खाली. म्हणजे तलावांची माळच म्हणा ना.

या सगळ्यांत मोठा आणि प्रसिद्ध तलाव नवेगाव बांधचा. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं ते पाणी पाहिलं की क्षणभर समुद्राची आठवण होते. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असं मानतात. लोक त्याला ‘कोलासूर’ म्हणून देवासारखं पुजतात आणि तलावाकाठच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. याच तलावाकाठी वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली राहिले आणि त्यांनी आपल्याला पक्ष्यांची, झाडांची ओळख करून दिली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते आपल्यातून गेले. त्यांचं एखादं पुस्तक तुमच्या शाळेच्या कपाटात असेल. नक्की शोधा.

आता ‘मामा’ची गोष्ट. इंग्रजांच्या काळात गावचा सारा गोळा करणाऱ्या गावमालकाला मालगुजार म्हणत. तलाव त्यांच्या मालकीचे, म्हणून ते ‘मालगुजारी तलाव’. देश स्वतंत्र झाल्यावर १९५० साली मालगुजारी रद्द करणारा कायदा झाला आणि १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. कागदोपत्री त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणू लागले. माजीचा ‘मा’ आणि मालगुजारीचाही ‘मा’. झाला मामा तलाव!

मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. एकाच माणसाच्या हाती सगळं गाव असणं काही बरं नव्हे. पण एक घोटाळा झाला. पूर्वी दर उन्हाळ्यात गाव मिळून तलावातला गाळ काढी. तो गाळ बांध्यांत टाकला की पीक जोमदार येई. पाळीला भोक पडलं तर रातोरात माणसं धावत. आता तलाव सरकारचा झाला. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. “तलाव सरकारचा, मग गाळही सरकारच काढील,” असं गाव म्हणू लागलं. आणि हजारो तलावांना सरकार तरी कुठे कुठे पुरणार? गाळ साठत गेला, तलाव उथळ होत गेले.

तुमच्या वर्गातल्या फळ्याचं उदाहरण घ्या. तो सगळ्यांचा असतो, पण पुसायची पाळी कुणाची हे ठरलेलं नसलं तर काय होतं? तसंच झालं.

माझा एक मूर्ख प्रश्न

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी मी उतरलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी एका घरची गोष्ट सांगणार आहे आणि ती गोष्ट त्या घराची आहे. घर होतं ढिवर समाजाचं. ढिवर म्हणजे मासेमारी करणारे लोक. भोई समाजाच्या सोबतीने त्यांची गणना भटक्या जमातींत होते. यांच्यापैकी बहुतेकांकडे स्वतःची शेती नाही, आणि असलीच तर एखादी बांधी. त्यांची शेती म्हणजे तलाव.

घरात एक आजी, त्यांचा मुलगा, सून आणि आठवीत जाणारी नात. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे ती घरीच होती. जेवणात तांदळाची भाकर आणि मरळ माशाचा रस्सा. जेवून अंगणात बसलो आणि मी आजींना विचारलं, “आजी, तुम्हा लोकांचं गरिबीत कसं भागतं हो?”

प्रश्न तोंडातून गेला आणि माझा मलाच तो आवडला नाही. आजींनी मात्र शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाल्या, “कोनत्या महिन्याचं पुसता बाबू?”

मला कळेना. तेव्हा नात घरातून वही आणि पेन्सिल घेऊन आली. “मी दाखवते,” म्हणाली. तिने बारा चौकोन आखले आणि एकेका महिन्यात घरात कुठून काय येतं ते लिहीत गेली.

जुलै-ऑगस्ट : रोवणी. पऱ्हे उपटून चिखलात लावायची, दुसऱ्याच्या बांधीत मजुरी. सप्टेंबर-ऑक्टोबर : काम नाही. नोव्हेंबर : धान कापणी, पुन्हा मजुरी. हिवाळ्यात तलावात शिंगाडा असेल तर तो. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागलं की मासे. मार्च-एप्रिल : मोहफुलं वेचायची. मे : तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं.

तिने सप्टेंबर-ऑक्टोबरच्या चौकोनांत काहीच लिहिलं नाही, नुसती पेन्सिल फिरवून ते काळे केले. मग म्हणाली, “हे आमचे गरीब महिने. बाकीच्या महिन्यांत आम्ही गरीब नाही.”

मित्रांनो, मोठ्या पुस्तकांतून जे मला नीट समजलं नव्हतं, ते त्या बारा चौकोनांनी समजावलं. गरिबी म्हणजे फक्त पैसे कमी असणं नव्हे. एक चौकोन कोरा गेला की दुसऱ्याने तो सावरायचा, आणि सावरायला दुसरा चौकोनच नसला की माणूस कोसळतो. पाऊस आला नाही, रोवणी गेली. तलाव लवकर आटला, मासे गेले. त्यातच घरात कुणाला ताप आला, की झालं! कर्ज काढायचं, नाहीतर घराला कुलूप लावून नागपूरकडे नाहीतर त्याहून लांब कामाला जायचं. आईबाबांबरोबर मुलंही जातात. मग शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे लाल शेरे पडत जातात आणि एके दिवशी नावच राहत नाही.

“मी तिसरीत असताना आम्ही गेलो होतो,” नात म्हणाली. “आलो तोवर परीक्षा होऊन गेली होती.”

मासे गेले कुठे?

दुसऱ्या दिवशी पहाटे आजी मला तलावावर घेऊन गेल्या. आजी झाडीबोली बोलतात. या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून मासोळीला त्या ‘मासोरी’ म्हणतात. पाळीवरून चालताना त्या सांगत होत्या, “आमच्या लहानपनी या तलावात किती परकारच्या मासोऱ्या होत्या! मंग कमी कमी होत गेल्या.”

का कमी झाल्या? याचं उत्तर मोठं मजेदार आहे, आणि थोडं दुःखाचंही.

काही दशकांपूर्वी जास्त उत्पन्न मिळावं म्हणून तलावांत रोहू, कटला, मृगळ हे मासे सोडायला सुरुवात झाली. पुढे गवत्या, चंदेरा असे परदेशी मासेही आले. हे मासे भराभर वाढतात, वजनाला भरतात. पण रोहू-कटला हे मूळचे नदीचे मासे. वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. तलावाच्या थांबलेल्या पाण्यात ते मोठे होतात, पण त्यांची पिल्लं होत नाहीत. म्हणून दर वर्षी बोटभर लांबीची पिल्लं, म्हणजे बोटुकली, विकत आणून सोडावी लागते. त्यासाठी पैसे आधी लागतात. शिवाय तलावाच्या ठेक्याचे पैसेही मच्छीमार संस्थेने भरायचे. मग जोराचा पाऊस आला आणि सलंगावरून पाणी उसळलं, की बोटुकली वाहून जाते. कर्ज मात्र जागेवर राहतं!

उलट मरळ, शिंगी असे इथले मासे तलावातच अंडी घालतात. मरळ तर आपल्या पिल्लांची राखणही करते. यांच्यासाठी कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. त्यांना हवी असते फक्त अंडी घालायला आणि लपायला जागा, म्हणजे पाण्यातल्या वनस्पती. काही तळाशी रुजणाऱ्या, काही पाण्यात बुडून राहणाऱ्या, काहींची पानं वर तरंगणारी. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात परीक्षानळीत ठेवतात ती हायड्रिला तुम्ही पाहिली आहे ना? ती त्यांतलीच एक.

आणि याच वनस्पती नाहीशा झाल्या होत्या. थोड्या गवत्या माशाने खाल्ल्या. थोड्या गाळाने गाडल्या. काठावर बेशरम माजली. हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं. कापून फेकलं तर पडल्या जागी पुन्हा रुजतं, म्हणून तर लोकांनी त्याला हे नाव दिलं! पुढे कुठे कुठे यंत्राने गाळ काढला गेला, तेव्हा गाळाबरोबर उरलीसुरली मुळंही निघून गेली. पाणी वाढलं, पण मासे येईनात.

ही गोष्ट ओळखली ती ढिवरांनीच. मनीष राजनकर या अभ्यासकाने आणि ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने, पुढे ‘फीड’ या संस्थेने, जुन्या जाणत्या ढिवरांना विचारून विचारून कोणती वनस्पती कुठे उगवते, कोणता मासा तिच्याशी कसा बांधलेला आहे, याची माहिती जमवली. ज्यांना शाळेत जाता आलं नाही अशी माणसं इथे शिक्षक झाली! मग उपाय ठरला : उन्हाळ्यात आटलेल्या तलावातली बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा, पहिला पाऊस झाला की दुसऱ्या तलावातून वनस्पती आणून लावायच्या, आणि मासे परत यायची वाट पाहायची.

मी गेलो तेव्हा नेमकं तेच चाललं होतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पंचवीस-तीस बाया गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि धानाची रोवणी करावी तशी पाण्यातल्या झाडांची रोवणी करत होत्या. मीही पायजमा दुमडून उतरलो, दहा-बारा रोपं लावली आणि मग चिखलात अशी काही बैठक मारली की सगळा तलाव हसला. आजी म्हणाल्या, “बाबू, तुम्ही पाळीवरच बसा. लिवा.”

नियम मोडला कुणी?

पाळीवर बसून मी एका बाईंना विचारलं, “आधी हे सगळं पुरुष ठरवत असतील ना?” त्या म्हणाल्या, “मासे आम्ही इकायचो, आन् बैठकीत तेवढं बसायचो नाही.” आता बायांचे बचत गट आहेत आणि त्या बैठकीतही बसतात. त्यांनी एक नियम केला आहे. पावसाळ्यात, मासे अंडी घालतात त्या दिवसांत, तलावाच्या ठरलेल्या भागात जाळं टाकायचं नाही.

ऐकायला सोपं आहे, नाही? पण आता ते बारा चौकोन आठवा. नियम नेमका पावसाळ्यातला, आणि त्याला लागूनच काळे चौकोन!

आजींनी मला दोन वर्षांपूर्वीची हकिगत सांगितली. सप्टेंबरातल्या एका सकाळी राखलेल्या भागात कुणाचं तरी जाळं सापडलं. गावात एकच गलका झाला. बैठक बसली. कुणी म्हणालं दंड करा, कुणी म्हणालं संस्थेतून काढा. तेव्हा एक म्हातारी उठली आणि तिने विचारलं, “जाळं टाकलं, पन काऊन टाकलं?” काऊन म्हणजे का. चौकशी झाली. त्या घरात मुलगी तापाने फणफणली होती आणि दवाखान्याला पैसे नव्हते.

मग काय करायचं? सोडून द्यावं, तर उद्या सगळेच जाळं टाकतील आणि नियम मोडेल. दंड करावा, तर ते घर आणखी खड्ड्यात जाईल. बराच वेळ कुणीच बोलेना. शेवटी बायांनी ठरवलं की दंड घ्यायचा, पण त्याची रक्कम उन्हाळ्यात मासे विकल्यावर द्यायची. आणि बचत गटातून त्या घराला त्याच दिवशी दवाखान्यासाठी उसने पैसे द्यायचे. शिवाय दर वर्षी मासोळीच्या विक्रीतून थोडे पैसे बाजूला काढायचे, खास सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी. नियमही राहिला आणि घरही राहिलं.

संध्याकाळी नात मला बसथांब्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत ती हळूच म्हणाली, “आजीनं तुम्हाला सांगितलं ना, जाळ्याचं? ते आमचंच घर होतं. ताप मला आला होता.” थोडं थांबून म्हणाली, “आणि बैठकीत उठली होती ती म्हातारी म्हणजे आमची आजीच. तिला तोवर माहीत नव्हतं, जाळं बाबांनी टाकलं ते.”

मी काहीच बोललो नाही. तुम्ही असता तर काय बोलला असता?

जंगलाचा कायदा आणि सत्तर पानं

मित्रांनो, हे एका तलावाचं झालं. पण गोंदियातली गावं अशीच जंगलाकडेही वळली आहेत. तेंदूची पानं तोडायला मे महिन्यात घरची माणसं पहाटे अंधारात जंगलात जातात. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, असे हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी. १९६९ च्या कायद्याने या पानांचा व्यापार सरकारच्या हाती आला. लिलाव व्हायचा, कंत्राटदार यायचा आणि पानं तोडणाऱ्याला मिळायची मजुरी. पानाचा भाव काय, हे त्याला कुणी विचारत नसे.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात आणि जंगलाच्या आधाराने राहणाऱ्यांचे हक्क त्याने मान्य केले. त्यात तेंदू, मोह, बांबू अशा वनोपजांवरची मालकी आहे आणि पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही आहे. मात्र हा हक्क एकट्या-दुकट्याच्या खिशात जात नाही, तो ग्रामसभेकडे येतो. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसं. बैठकीला निम्मे लोक हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया हव्यात, असंही २०१२ साली नियमांत घातलं गेलं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली असा हक्क मिळाला आणि ते गाव देशभर गाजलं. गोंदियातही देवरीसारख्या तालुक्यांतल्या ग्रामसभांनी, नागपूरच्या विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेची मदत घेऊन, २०१३ पासून आपला तेंदू आपणच विकायला सुरुवात केली. पुडे मोजणं, हिशेब लिहिणं, व्यापाऱ्याशी बोलणं, सगळं गावच करतं.

हे सगळं गोड गोड आहे असं समजू नका हं! मालक झालं की नफ्याबरोबर धोकाही आपला होतो. २०१७ साली तेंदूला फार मोठा भाव आला, तेव्हा गडचिरोलीत काही कंत्राटदारांनी पानं नेली आणि पैसे थकवले. तेव्हापासून आधी पैसे, मग पानं, असं शहाणपण गावं शिकत आहेत. हिशेबाची वही लिहिता येणारी मुलं-मुली म्हणूनच गावाला हवी आहेत.

आणि हे फक्त आपल्याकडेच चाललंय असं नाही. इंडोनेशिया देशात बाली नावाचं बेट आहे. तिथेही डोंगरउतारावर भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बांध्या आहेत आणि एका पाटाचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांचा एक संघ असतो, त्याला ‘सुबक’ म्हणतात. पाणी कुणाला कधी मिळायचं, पाट कुणी साफ करायचा, हे संघ ठरवतो. कित्येक शतकं हे चाललं आहे. २०१२ साली युनेस्कोने ‘सुबक’च्या त्या भूभागाला जागतिक वारशाचा मान दिला. २०१४ साली तिथे गावांसाठी कायदा झाला आणि सरकारी निधीचा वाटा थेट गावाच्या हाती देऊन तो कसा खर्चायचा हे गावाने बैठक घेऊन ठरवायचं, अशी सोय झाली. हजारो मैलांवरचं बेट, भाषा वेगळी, देव वेगळे, पण प्रश्न तोच : पाणी कुणाचं आणि पाळी कुणाची?

आता तुम्हाला एक काम सांगतो. कागदावर बारा चौकोन आखा आणि आईबाबांना घेऊन बसा. तुमच्या घरात कोणत्या महिन्यात कुठून काय येतं ते लिहा. एखादा चौकोन अचानक कोरा गेला तर तो कोण सावरील, तेही विचारा. कुणाच्या घरी पगार असेल, कुणाच्या घरी दुकान, कुणाच्या घरी शेत. मग शेजारच्या घराचा विचार करा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा करा. त्यांचे काळे चौकोन कोणते असतील?

आणि जमलं तर एकदा गोंदियाला जा. हिवाळ्यात गेलात तर दूरदेशीचे पक्षी तलावांवर उतरलेले दिसतील. नशीब असेल तर माणसाएवढ्या उंचीचा सारस पक्षी जोडीने बांधीत फिरताना दिसेल. महाराष्ट्रात आता तो या भागातच उरला आहे.

बस सुटायच्या वेळी मी त्या मुलीला विचारलं होतं, “बारा चौकोनांची वही मला देतेस का?” ती म्हणाली, “नाही, ती मला लागते. यंदा आमच्या सप्टेंबरात मला काहीतरी लिहायचं आहे.”